मात्रा मोजणारे यंत्र, सम ठरवणारा माणूस : दृश्य संगणकभाषेचा एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

वैतरणा, पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात संगीताला कधीच वाण पडली नाही. पावसाळा सरून नवे धान्य घरात आले की पाड्यापाड्यांवर तारपा घुमतो. जयंती, लग्न, वर्धापनदिन अशा प्रसंगी ढोलकी, ताशा आणि बेंजो यांच्याभोवती सारा मोहल्ला गोळा होतो. गेल्या काही दशकांत मात्र या आवाजाचा उगम हळूहळू बदलत गेला आहे. कीबोर्डवरील एक कळ दाबली की आयता ताल सुरू होतो, आणि गाणे त्याच्या मागून चालू लागते. तो ताल कोणी बांधला, तो किती मात्रांचा आहे, त्यातील कोणता ठोका जड आणि कोणता हलका, हे कळ दाबणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. आणि ठाऊक असले तरी ते त्याला बदलता येईलच असेही नाही.

यंत्र वापरावे की वापरू नये, हा प्रश्न आता मागे पडला आहे. यंत्र आले आहे आणि ते राहणार आहे. खरा प्रश्न असा की, यंत्राच्या पोटात जे निर्णय दडलेले असतात ते कोणाच्या हाती असावेत? दूर कोठेतरी बसलेल्या उत्पादकाच्या, की आपल्या गावातील वादकाच्या आणि विद्यार्थ्याच्या? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर एका छोट्या पाठातून शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी ‘प्युअर डेटा’ ही विनामूल्य दृश्य संगणकभाषा निवडली आहे. संगीताचे किंवा संगणकाचे पूर्वज्ञान नसलेल्या पालकांनाही हा पाठ समजावा, अशी त्याची मांडणी आहे.

अनुक्रम आणि आवर्तन

ठरावीक घटना ठरावीक क्रमाने, ठरावीक अंतराने घडवून आणणे यास ‘अनुक्रम लावणे’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात हे काम करणाऱ्या साधनास ‘सिक्वेन्सर’ असे नाव आहे. नाव परके असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. तालाचे आवर्तन म्हणजे अनुक्रमच होय. आठ मात्रा संपल्या की पुन्हा पहिली येते, त्या पहिल्या मात्रेला आपण सम म्हणतो, आणि गाणारा व वाजवणारा तेथे एकमेकांना भेटतात.

तारपानृत्य पाहिलेल्याला हे अधिक सांगण्याची गरज नाही. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून घडवलेले हे वाद्य वादक श्वास न तोडता वाजवत राहतो. नर्तक एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्या भोवती फेर धरतात. तारपकऱ्याने चाल बदलली की फेराची पावले बदलतात. वारली चित्रांत हा फेर सर्पिलासारखा काढलेला दिसतो, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रपरंपरा जगभर पोहोचवली. या फेरात दोन गोष्टी एकत्र नांदतात : पावलांचा न चुकणारा क्रम, आणि तो क्रम केव्हा बदलायचा हे ठरवणारा एक माणूस. पुढील सर्व विवेचनात ही जोडी ध्यानात ठेवावी.

एका रेल्वेमार्गाची दोन टोके

आपल्या वैतरणा स्थानकावरून जाणारा लोहमार्ग मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडतो. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या भारतीय इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटना नेमक्या या मार्गाच्या दोन टोकांना घडल्या, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल.

1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला. त्या यंत्रात अनेक स्वतंत्र घटक असत. एक ध्वनी निर्माण करी, दुसरा तो गाळी, तिसरा त्याची तीव्रता कमी-अधिक करी. हे घटक लहान तारांनी एकमेकांना जोडावे लागत. तार बदलली की आवाज बदले. अशा जोडणीला ‘पॅच’ म्हणत. हा शब्द आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरी घटना मुंबईतील. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एका लयीत बांधली होती : तालासाठी टीआर-808, खर्जाच्या सुरावटीसाठी टीबी-303 आणि रागविस्तारासाठी ज्युपिटर-8. ताल आणि खर्ज यांचा क्रम यंत्रात आधी भरून ठेवला होता, आणि त्यावर राग कळफलकावरून वाजवला होता. त्या काळी ही मुद्रिका फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. 2010 मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना तिचे महत्त्व जाणवले. मुंबईतील एका वादकाने यंत्राच्या मोजणीवर रागाची बढत करून दाखवली होती, तीही नृत्यसंगीताच्या जगात अशा यंत्रांचे युग सुरू होण्यापूर्वी.

तारांपासून चित्रापर्यंत

1957 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत करवून घेतले. त्या काळी सूचना आधी लिहून द्याव्या लागत आणि आवाज पुष्कळ वेळाने ऐकू येई. वाजवता वाजवता काही बदलणे शक्यच नव्हते. ध्वनिफितीवर तयार केलेल्या संगीताबरोबर वाजवणाऱ्या वादकाचीही तीच गत होती : फीत थांबत नसे, म्हणून माणसाला तिच्यामागे धावावे लागे.

ही अडचण दूर करण्यासाठी 1980 च्या दशकात पॅरिसमधील इर्काम या संगीतसंशोधन संस्थेत मिलर पकेट यांनी एक नवी भाषा घडवली. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ तिला ‘मॅक्स’ हे नाव मिळाले. संगीतकार फिलिप मानुरी यांच्या पियानो आणि संगणकासाठीच्या ‘प्लुटॉन’ या 1988 मधील रचनेत तिचा उपयोग झाला. माणसाने यंत्राच्या मागे धावण्याऐवजी यंत्राने माणसाची वाट पाहावी, हा तिच्यामागचा हेतू होता. मॅक्स पुढे विकत मिळणारी आज्ञावली झाली. 1990 च्या दशकात पकेट यांनीच त्याच विचारावर ‘प्युअर डेटा’ ही दुसरी भाषा लिहिली आणि ती सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिली. ती जुन्या संगणकावर चालते, एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही, आणि तिची प्रत मित्राला देण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हे तीनही गुण मोलाचे आहेत.

या भाषेत आज्ञा ओळींमध्ये लिहीत नाहीत. पडद्यावर लहान चौकटी मांडतात आणि त्या रेषांनी जोडतात. प्रत्येक चौकटीच्या वरच्या कडेला माहिती आत येण्याच्या खाचा असतात आणि खालच्या कडेला बाहेर जाण्याच्या. अशा मांडणीला येथेही ‘पॅच’च म्हणतात, अहमदाबादच्या यंत्रातील तारा जणू पडद्यावर उतरल्या आहेत. दृश्य भाषा म्हणतात ती हीच : आज्ञावलीचे चित्र हीच आज्ञावली.

पाठ पहिला : केरव्याचे आवर्तन

केरवा हा आठ मात्रांचा ताल आपल्या भजनांत, लोकगीतांत आणि भीमगीतांत सर्वत्र ऐकू येतो. त्याचे बोल असे : धा गे ना ती । न क धी न. हे आवर्तन संगणकावर उभे करण्यासाठी चार पायऱ्या लागतात.

पहिली पायरी, लय. ‘मेट्रो’ नावाची चौकट ठरावीक अंतराने ‘बँग’ असा निरोप पाठवते. बँग म्हणजे ‘आता’, एवढाच त्याचा अर्थ. अंतर मिलिसेकंदांत द्यावे लागते. मिनिटाला 120 मात्रांची लय हवी असेल तर 60,000 ला 120 ने भागावे. उत्तर 500 येते. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक मात्रा, आणि आठ मात्रांचे आवर्तन 4 सेकंदांचे.

दुसरी पायरी, मोजणी. मेट्रोची रेषा ‘एफ’ या चौकटीच्या डाव्या खाचेत सोडावी. ही चौकट एक संख्या स्मरणात ठेवते. तिच्यातून निघालेली संख्या ‘अधिक 1’ या चौकटीत, तेथून ‘मॉड 8’ या चौकटीत आणि तेथून परत एफच्या उजव्या खाचेत न्यावी. मॉड म्हणजे भागाकारातील बाकी. सात अधिक एक आठ, आणि आठाला आठने भागले की बाकी शून्य. त्यामुळे मोजणी 0 पासून 7 पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून आपली पहिली मात्रा, म्हणजेच सम, येथे शून्य या अंकाने दिसते. प्राथमिक शाळेत शिकलेल्या बाकीच्या भागाकाराला येथे आवर्तनाचे रूप मिळते, आणि पडद्यावर रेषा खरोखरच फिरून मूळ चौकटीकडे आलेली दिसते.

तिसरी पायरी, ठेका. आता दोन सारण्या कराव्यात, एक तबल्याची आणि एक डग्ग्याची. ज्या मात्रेवर ठोका आहे तेथे 1 आणि नाही तेथे 0 लिहावा. ‘धा’ आणि ‘धी’ दोन्ही हातांनी वाजतात, ‘गे’ केवळ डग्ग्यावर, ‘ना’, ‘ती’ आणि ‘न’ केवळ तबल्यावर. ‘क’ हा डग्ग्यावरील बंद ठोका; त्याला गुंज नसल्याने प्रारंभी तो सोडून द्यावा.

तबला : 1 0 1 1 1 0 1 1
डग्गा : 1 1 0 0 0 0 1 0

या दोन ओळी नीट पाहाव्यात. डग्ग्याची गुंज तिसऱ्या मात्रेपासून सहाव्या मात्रेपर्यंत थांबलेली आहे. केरव्याची खाली पाचव्या मात्रेवर मानतात. त्या खालीच्या भोवतीचा मोकळेपणा येथे चार शून्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. वर्षानुवर्षे कानाने ओळखलेली गोष्ट मूल प्रथमच डोळ्यांनी वाचते. ‘टॅबरीड’ ही चौकट मोजणीच्या अंकानुसार सारणीतील आकडा वाचते, आणि ‘सिलेक्ट 1’ ही चौकट तो आकडा 1 असेल तरच पुढे बँग पाठवते.

चौथी पायरी, आवाज. तबल्यासाठी सेकंदाला 240 कंपनांची आणि डग्ग्यासाठी 80 कंपनांची लहर निर्माण करावी. बँग येताच लहरीची तीव्रता पूर्ण करून तबल्याची सुमारे 150 आणि डग्ग्याची सुमारे 400 मिलिसेकंदांत शून्यावर उतरवावी. आवाज साधा असेल, परंतु ठेका स्पष्ट ओळखू येईल. पुढे या लहरीच्या जागी शाळेतील ढोलकीचा ध्वनिमुद्रित ठोका ठेवता येतो.

आता ‘मॉड 8’ च्या जागी ‘मॉड 6’ लिहून आणि सारण्या बदलून दादरा मिळतो. ‘मॉड 7’ लिहून रूपक. आयत्या यंत्रांत बहुधा चार-चार ठोक्यांचीच सोय आधी केलेली असते, आणि सात मात्रांचा ताल हवा असणाऱ्याला वाट वाकडी करावी लागते. येथे सात हा आठाइतकाच साधा अंक आहे.

पाठ दुसरा : समेची वाट पाहणे

इथपर्यंत जे झाले ते उत्तम घड्याळ झाले; संगीत होण्यासाठी वाजवता वाजवता निर्णय घेता आले पाहिजेत. लयीचा बदल सोपा आहे : मेट्रोच्या उजव्या खाचेला एक सरकपट्टी जोडली की ताल सुरू असतानाच लय चढवता-उतरवता येते.

तालाचा बदल मात्र विचार करायला लावतो. केरव्याच्या पाचव्या मात्रेवर कोणी एकाएकी दादऱ्याचा 6 हा अंक पाठवला, तर आवर्तन मध्येच तुटेल आणि गाणारा गोंधळेल. चांगला ढोलकीवाला असे करीत नाही. तो मनात ठरवतो, आवर्तन पुरे करतो आणि समेवर बदलतो. यंत्राला हा शिष्टाचार शिकवावा लागतो.

प्युअर डेटात त्याची सुरेख सोय आहे. बहुतेक चौकटींची डावी खाच तत्काळ कृती करणारी असते. उजवी खाच आलेली संख्या नुसती सांभाळून ठेवते. म्हणून एफची आणखी एक चौकट घ्यावी आणि नव्या तालाचा अंक तिच्या उजव्या खाचेत टाकावा. तो तेथे थांबून राहतो. मोजणी शून्यावर येताच ‘सिलेक्ट 0’ मधून निघालेला बँग तिच्या डाव्या खाचेत जातो. तेव्हा थांबलेला अंक बाहेर पडून मॉडच्या उजव्या खाचेत पोहोचतो. सारण्याही त्याच क्षणी बदलाव्यात. आता वाजवणाऱ्याने अंक केव्हाही दाबला तरी ताल समेवरच बदलेल. मोजण्याचे काम यंत्राकडे आणि ठरवण्याचे काम माणसाकडे राहिले. तारप्याच्या फेरात पावले आणि तारपकरी यांच्यात जी वाटणी असते, ती हीच.

स्वरांविषयी थोडे

तालात जे स्वातंत्र्य, तेच स्वरात. कीबोर्डवरील सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. षड्ज 240 कंपनांचा धरला तर त्यावरील गंधार सुमारे 302.4 येतो. तंबोऱ्याच्या जुळलेल्या तारेतून ऐकू येणारा गंधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे 300 कंपनांचा असतो. हे दोन गंधार एकत्र वाजवले तर सेकंदाला दोन-तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. प्युअर डेटात स्वर थेट कंपनसंख्येने देता येत असल्याने 300 लिहिणे 302.4 लिहिण्याइतकेच सोपे आहे. कोणता गंधार हवा, हे ऐकणाऱ्या कानाने ठरवावे.

लहान मुलांसाठी

हे सारे मोठ्या विद्यार्थ्यांसाठीच आहे असे समजू नये. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या लॅपटॉपसाठी तयार झालेल्या साधनांत ‘टॅमटॅम’ नावाची संगीतसाधने होती. त्यांतून मुले चित्रांवर टिचकी मारून वाद्ये निवडत, ताल बांधत. त्याच परंपरेतून पुढे ‘म्युझिक ब्लॉक्स’ हे विनामूल्य साधन निर्माण झाले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून सुरावट आणि ताल रचता येतात. ‘पुन्हा करा’ या ठोकळ्याच्या पोटात चार स्वर ठेवले की आवर्तन तयार. प्राथमिक वर्गात ठोकळ्यांपासून आरंभ करावा आणि आठवी-नववीत प्युअर डेटाकडे वळावे, हा क्रम शिक्षकांना सोयीचा पडेल.

मर्यादा आणि जबाबदारी

या विद्येची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणली पाहिजे. ज्या कार्यक्रमाला पूर्वी ढोलकीवाला, ताशेवाला आणि बेंजोवाला बोलावला जाई, तेथे आज अनेकदा एकच माणूस एका यंत्रासह येतो. वादकांच्या कित्येक घरांची चूल त्या बोलावण्यावर पेटत होती. आपण शिकवलेल्या मुलांनी ही घसरण वाढवावी, असे कोणाही पालकाला वाटणार नाही. म्हणून हे साधन वादकाला हटवण्यासाठी वापरू नये. यंत्राने ठेका धरावा आणि ढोलकीवाल्याने त्यावर मोकळेपणाने उठाण घ्यावी. त्याच्या हाताखाली लयीची सरकपट्टी द्यावी, म्हणजे यंत्र त्याच्या मागून चालेल. पकेट यांनी मूळ भाषा लिहिली ती याच कामासाठी.

तारप्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून यंत्रात घालणे दोन मिनिटांचे काम आहे. परंतु प्रत्येक चालीमागे एखाद्या पाड्यावरील वादकाच्या पिढ्यान्‌पिढ्यांची साधना असते, आणि काही चाली विशिष्ट प्रसंगांशीच निगडित असतात. वादकाला विचारावे, त्याचे नाव सांगावे, आणि त्या ध्वनीतून काही मिळकत झाली तर त्यात त्याचा वाटा ठेवावा. शक्य असेल तेव्हा ध्वनिमुद्रणाऐवजी त्यालाच मंचावर बोलवावे.

शाळेच्या संगणककक्षात या पाठासाठी नवे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. जुना संगणक, त्याला जोडलेला एक साधा ध्वनिवर्धक आणि शनिवारचे दोन तास पुरेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि जे गायनपार्टीत ढोलकी किंवा पॅड वाजवतात, अशा दोघांनी मिळून एक वर्ग घेतला तर मुलांना दोन्ही विद्या एकाच वेळी मिळतील. ढोलकी वाजवणाऱ्याने बोल सांगावेत, संगणक जाणणाऱ्याने चौकटी जोडाव्यात, आणि सम चुकली की मुलांनी टोकावे.

स्वाध्याय

1. दादऱ्याचे बोल ‘धा धी ना । धा ती ना’ असे आहेत. तबला आणि डग्गा यांच्या सारण्या लिहा. डग्ग्याची गुंज कोणकोणत्या मात्रांवर थांबते?

2. मात्रा 500 मिलिसेकंदांची असताना केरवा आणि दादरा एकाच वेळी सुरू केले, तर दोघांची सम पुन्हा किती मात्रांनी आणि किती सेकंदांनी एकत्र येईल? (उत्तर : 24 मात्रा, 12 सेकंद.) केरवा आणि रूपक यांच्यासाठी हेच गणित करून आधी उत्तर काढा, मग ऐकून पडताळा.

3. केरव्याची दुगुन करण्यासाठी मेट्रोला कोणता अंक द्यावा लागेल?

4. पहिल्या पाठात सोडलेला ‘क’ हा बंद ठोका ठेक्यात परत आणा. त्यासाठी तिसरी सारणी लागेल. ‘क’चा आवाज किती मिलिसेकंदांत थांबवावा, हे ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्या जाणत्या व्यक्तीला ऐकवून ठरवा.

5. आपल्या पाड्यावरील, वस्तीवरील किंवा नात्यातील एखाद्या वादकाला भेटा. तो ताल बदलताना सहवादकांना कोणती खूण करतो, हे त्याला विचारून लिहून आणा. ती खूण यंत्राला कशी समजावता येईल, यावर वर्गात चर्चा करा.